आधी ड्युटी चार्ट उघडा

तुरुंगात नोकरी करणाऱ्या भावाबहिणींनो, रात्रपाळीच्या चहाला दोन वाक्यं हमखास कानावर येतात. ‘बायकांना काय, आतल्या बराकीत खुर्ची टाकून बसायचं!’ आणि पलीकडून, ‘पुरुष रजा टाकून गावी जातात, आमच्या जागी कोण उभं राहणार?’ खोटं कुणीच बोलत नाही. ज्याला त्याला आपली पाळी तेवढी दिसते.

कैदी बाईची झडती बाईनेच घ्यायची, हे 1894 च्या तुरुंग कायद्यापासून चालत आलंय. मग महिला शिपाई मोजक्याच असल्या, की एक आजारी पडताच दुसरीची सुट्टी गेली. टॉवरवर उभ्या शिपायाला हे दिसत नाही. त्याच्या डोक्यावरचं ऊन तिला दिसत नाही.

तेव्हा भांडायच्या आधी मागच्या सहा महिन्यांचा ड्युटी चार्ट काढा. रात्रपाळ्या कुणाच्या किती, दिवाळी कुणाची बुडाली, गेट कुणाला, टॉवर कुणाला. नावापुढे काड्या मारत जा. आडनावं बघूनही मोजा. जात तोंडाने कुणी काढत नाही, पण साहेबांच्या ऑफिसात कायम कोण आणि संडास-गटारांच्या देखरेखीला दरवेळी कोण, ते काड्या सांगतील. 3 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता यांच्या याचिकेवर कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. तुमच्या चार्टात तो रकाना लिहिलेलाच नसतो, मग खोडणार काय?

नियम सगळ्यांना सारखा, एवढ्यावरही समाधान मानू नका. अमेरिकेत अलाबामाच्या तुरुंगात पहारेकरी व्हायचं तर वजन किमान 120 पौंड, म्हणजे साधारण 54 किलो लागायचं. नोकरीसाठी अर्ज केलेली डायॅन रॉलिन्सन त्यात बसेना, म्हणून ती कोर्टात गेली. वजन-उंचीच्या त्या अटीने सुमारे 41 टक्के बायका बाहेर पडत होत्या, पुरुष एक टक्काही नाही. 1977 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अट रद्द केली. मात्र पुरुषांच्या कडक बंदोबस्ताच्या तुरुंगात कैद्यांजवळच्या कामाला बायका नकोत, हेही त्याच निकालात मान्य केलं! अर्धाच न्याय म्हणायचा.

लैंगिक छळाची गोष्ट मात्र काड्यांवर सोडू नका. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती हवीच. तक्रार लेखी द्या, तीन महिन्यांच्या आत.

बाकी चार्टचा हिशेब झाला की तो कागद साहेबांपुढे बाई आणि पुरुष दोघांनी मिळून न्या. एकटीने नेला, तर चार्ट राहतो बाजूला आणि तीच तक्रारखोर ठरते.