खात्रीचा डॉल्फिन

‘डॉल्फिन दिसणारच, नाहीतर पैसे परत.’ देवबागच्या किनाऱ्यावर एका फळ्यावर हे वाक्य खडूने लिहिलेलं होतं, आणि गेला आठवडाभर ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. भाऊ म्हणाला, पैसे परत द्यायची तयारी आहे म्हणजे माणूस सरळ असणार. असेलही. पण समुद्रात मोकळ्या फिरणाऱ्या जनावराची खात्री द्यायची तर एकच मार्ग उरतो. दिसेपर्यंत शोधायचं, दिसलं की गाठायचं, आणि होडीतल्या शेवटच्या प्रवाशाच्या मोबाइलमध्ये येईपर्यंत सोडायचं नाही. अशी खात्री दहा होड्यांनी दिली तर त्या जनावराची सकाळ कशी जात असेल, याचा विचार फळा लिहिणाऱ्याने करायला हवा आणि तो वाचून पैसे मोजणाऱ्यानेही.

या सदराचे जुने वाचक जाणतात की आवाज हा माझा कायमचा विषय आहे. मिरवणुकीतल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतींवर मी लिहिलं, रुग्णालयाच्या दारातल्या हॉर्नवर लिहिलं, आणि दर वेळी तुमची भरभरून पत्रं आली. समुद्रावर तरी हिला शांतता मिळेल, म्हणून भावाने ही अर्ध्या दिवसाची सहल ठरवली. सकाळी डॉल्फिन, मग मालवणला स्नॉर्केलिंग, आणि जेवायला परत. सोबत वहिनी आणि माझी भाची. होडी फळ्यावाल्याची नव्हती. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या मालकीणबाईंच्या दिरांची होती.

कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तो संगम ओलांडून आम्ही भोगव्याच्या अंगाला गेलो. पाणी शांत होतं. तिथे आधीच बऱ्याच होड्या फिरत होत्या, आणि सगळ्यांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना होती. मग कुठून तरी आरोळी आली आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला झाली. पन्नास-साठ हात अंतरावर एक लांबट तोंड पाण्याबाहेर आलं, त्यामागून राखाडी पाठीची कमान, कमानीवर उंचवटा, उंचवट्यावर लहानसं पर. त्याच्या अगदी कुशीला लागून तसंच एक पिल्लू. दोघांनी श्वास घेतला. तो श्वास ऐकू येतो, फुस्स असा, माणसाच्या निःश्वासाच्या अगदी जवळचा. मला मात्र तो एकदाच ऐकू आला, कारण पुढच्या क्षणी पाच-सहा इंजिनं एकदम वाढवली गेली.

होड्या समोरून आल्या, बाजूंनी आल्या. एक तर आई आणि पिल्लाच्या नेमकी मधून गेली. लोक उभे राहून शिट्ट्या मारत होते, टाळ्या वाजवत होते, कुत्र्याला बोलवावं तशी चुटकी वाजवत होते. ती दोघं बुडाली आणि बराच वेळ वर आली नाहीत. वर आली तेव्हा खूप लांब, आणि होड्या पुन्हा तिकडे. याला बघणं म्हणायला मी तयार नाही. हे रेटणं आहे.

आमच्या तांडेलाने मात्र इंजिन बंद केलं. भावाने विचारलं, “दादा, आपण नाही जायचं?” तो म्हणाला, “गप बसा. हाक मारल्यार येवक तो काय आपलो गडी आसा?” आणि त्याने विडी पेटवली. आम्ही लाटेवर हलत बसून राहिलो. भाची कुजबुजत होती, तिला वहिनीने खुणेने गप्प केलं. बाकीच्या होड्या निवतीकडे सरकल्या, त्यांचा आवाज विरळ झाला, आणि मग आमच्या डाव्या अंगाला तीन पाठी एकामागून एक वर आल्या. घाई नाही, उड्या नाहीत. जाताना त्यातला एक किंचित वळला. तो आम्हाला बघायला वळला, असा माझा दावा नाही. पण तो दूर पळाला नाही, एवढं मी सांगू शकते.

तांडेलाला मी विचारलं, हे सगळेच असं इंजिन बंद का करत नाहीत? तो म्हणाला, पर्यटक चिडतात. किनाऱ्यावर उतरल्यावर एकमेकांना विचारतात, तुमच्या होडीला किती दिसले? ज्याला कमी दिसले तो इंटरनेटवर वाईट लिहितो, आणि पुढचा हंगाम त्यातच जातो. म्हणजे फळ्यावरचं ते वाक्य होडीवाल्याच्या हाताने लिहिलेलं असलं तरी ते आपण, पुण्या-मुंबईहून जाणारे, त्याच्याकडून लिहून घेतो. मग तो डॉल्फिनबद्दल आणखी एक बोलला: “जाळी फाडतत. माझो बापूस रोज गाळी घाली त्यांका. आता त्यांच्या जीवावर आमचा घर चालता.” हे सांगताना त्याच्या बोलण्यात कौतुक होतं, आणि थोडी काळजीही.

काळजी रास्त आहे. इथे दिसतो तो कुबड असलेला डॉल्फिन, हिंदी महासागराच्या कडेकडेने राहणारा. खोल समुद्रात तो जात नाही. किनाऱ्यालगतचं उथळ पाणी हेच त्याचं घर, आणि मासेमारी, बंदरं, सांडपाणी, पर्यटकांच्या होड्या हे सगळंही त्याच पट्ट्यात. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय यादीत तो धोक्यात आलेल्या जातींमध्ये आहे. आपल्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे, म्हणजे कायद्याच्या नजरेत वाघाच्या पंगतीत. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं, आणि पुढचं व्हायला काही वर्षं जातात. आवाजाचं म्हणाल तर पाण्यात तो हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो, आणि डॉल्फिन मासा शोधतो तो स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवर. दहा इंजिनांच्या मधोमध त्याला आपलं पिल्लू कुठे आहे हे कसं कळत असेल?

२०१३ साली केंद्र सरकारने डॉल्फिनला तलावात कोंडून त्याचे खेळ करायला देशभर मनाई केली. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. पण कोंडायला काच लागतेच असं नाही, होड्यांचं रिंगणही पुरतं. हवाईमध्ये २०२१पासून तिथल्या एका जातीच्या डॉल्फिनजवळ पन्नास यार्डांच्या आत, म्हणजे साधारण पंचेचाळीस मीटरांच्या आत, होडीने किंवा पोहत जायला बंदी आहे, कारण ते दिवसा उथळ खाडीत येऊन विश्रांती घेतात. आपल्याकडे इतकं झालं तरी पुष्कळ: समोरून जायचं नाही, मधून जायचं नाही, अंतर ठेवून इंजिन बंद करायचं, आणि एका वेळी दोन होड्या पुरेत. आमच्या तांडेलाला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. त्याला ते येत होतं.

तिथून होडी उत्तरेला वळली आणि तारकर्लीचा किनारा उजव्या हाताला ठेवून मालवणला आली. सिंधुदुर्गाच्या तटाखाली, पद्मगडाच्या आसपास जो खडकाळ समुद्र आहे, तो १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. महाराजांनी कुरटे बेटावर हा किल्ला उभारायला घेतला १६६४मध्ये, आणि त्या खडकांवरचं काही प्रवाळ त्याआधीपासून तिथे वाढत आलेलं असेल, असा विचार पाण्यात उतरताना मनात आला. मालवणचं प्रवाळ अंदमानसारखं रंगांची उधळण करणारं नाही. पाणी गढूळसर, प्रवाळ बरंचसं गोलसर धोंड्यांच्या आकाराचं, करडं, तपकिरी, हिरवट. मध्येच एखादं पानांच्या द्रोणासारखं उघडलेलं. नवख्याला ते दगडच वाटतात. म्हणूनच तो त्यांच्यावर उभा राहतो.

त्या दिवशी हे मी डोळ्यांनी बघितलं. पाव कुस्करून माशांना टाकला जात होता, आणि काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या एकाच जातीच्या माशांची झुंबड उडाली होती, कारण फोटोत तेच येतात. पण माझं लक्ष पायांकडे होतं. तोंडाला मुखवटा, अंगात लाइफ जॅकेट, हातात होडीची दोरी, आणि पाय खाली काहीतरी चाचपडत असलेले. काही लागलं की माणूस त्यावर उभा राहतो आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव येतो. पायाखालचा तो ‘दगड’ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो, तोही बरं चाललं तर. असं प्रवाळ २००१पासून त्याच कायद्याच्या त्याच पहिल्या अनुसूचीत आहे. सोबतचा मुलगा ओरडून सांगत होता, “पाय टेकू नका हां, पाय टेकू नका!” पण ज्याला पाण्याची भीती वाटते त्याला हे सांगून काय उपयोग? तो पाय टेकणारच. त्याच्या जागी कुणीही टेकेल.

आमच्यात एकटी वहिनी वेगळी होती. तिचं माहेर वाईचं, आणि तिच्या वडिलांनी तिन्ही मुलींना कृष्णेत पोहायला शिकवलं होतं. घाटावरच्या बायका नावं ठेवत, तरी शिकवलं. ती पाण्यात उतरली, तोंड खाली केलं, हात पसरले आणि नुसती पडून राहिली. पाय मारले नाहीत, दोरी धरली नाही. जॅकेट अंगात होतंच. त्याबाबत वाद घालू नये. त्या मुलाने तिच्याकडे पाहिलं आणि जोडीदाराला म्हणाला, “ह्यांका सोड. ह्यांका पाणी ठावक आसा.” अर्ध्या तासाने ती वर आली तेव्हा तिने जे सांगितलं त्यातलं निम्मंही आम्हाला दिसलेलं नव्हतं. द्रोणासारख्या प्रवाळाच्या आत बसलेला बोटभर मासा, खडकाच्या फटीतून डोकावणारा ईल, आणि प्रवाळाच्या धोंड्यावर एक अगदी ताजा पांढरा ओरखडा. तो ओरखडा सांगताना तिचा आवाज बदलला.

तेव्हापासून मी डॉल्फिनपेक्षा पोहण्याचाच विचार करते आहे. माझ्या वडिलांच्या पिढीत घाटावरच्या गावांतून मुलगा सात-आठ वर्षांचा झाला की विहिरीवर नेत. पाठीला वाळलेला भोपळा बांधत, नाहीतर पांगाऱ्याचं हलकं लाकूड, पुढे पुढे पत्र्याचा डबा. काका किंवा मोठा भाऊ वरून ढकलून द्यायचा आणि स्वतः मागून उडी घ्यायचा. उन्हाळा संपेपर्यंत भोपळा सुटलेला असायचा. मग सूर, मुटका, बुडी मारून तळाची माती आणणं, आणि सगळ्यात शेवटी पाठीवर पडून आभाळाकडे बघत राहणं. हे शेवटचं ज्याला आलं त्याला पोहता येतं असं मानत. मुली मात्र विहिरीच्या पायऱ्यांवर कपडे सांभाळत बसायच्या. आईने त्या पायऱ्यांबद्दल मला इतक्यांदा सांगितलं आहे की तो राग मला वारशाने मिळाला आहे.

आता विहिरी बुजल्या, बोअरवेल आल्या. उरलेल्या विहिरींवर जाळ्या आहेत, आणि त्या असायलाच हव्यात. नद्यांचं काय झालं ते वेगळं सांगायला नको. उरले तरणतलाव. आमच्या भागातल्या तलावावर बायकांची वेळ भर दुपारची आहे, नोकरी करणाऱ्या एकीलाही न जमणारी. ती बदला म्हणून आम्ही अर्ज केले, उत्तर आलं नाही. जिथे शिकवतात तिथे पहिल्या दिवसापासून हात मारा, पाय मारा, पलीकडची भिंत गाठा. स्वस्थ तरंगायला कुणी शिकवत नाही, कारण त्याची स्पर्धा होत नाही, पदक मिळत नाही. पण बुडणाऱ्याचा जीव वाचतो तो तरंगता आलं तर, आणि प्रवाळही वाचतं ते पर्यटकाला तरंगता आलं तर. एवढा मोठा किनारा लाभलेल्या राज्यात ही गोष्ट शाळेत शिकवली जात नाही याचं मला अतिशय वाईट वाटतं. मालवणच्या स्नॉर्केलिंगवाल्यांनी पर्यटकाला खडकांवर नेण्याआधी दहा मिनिटं वाळूवरच्या उथळ पाण्यात तोंड खाली करून नुसतं पडून राहायला लावावं. ज्याला जमेल त्याला पुढे न्यावं. ज्याला जमणार नाही त्याला काचेच्या तळाच्या होडीतून दाखवावं. धंदा कमी होईल असं मला वाटत नाही. होडीतून उतरताना भाची पहिल्यांदा बोलली ती हेच, “आत्या, मला आईसारखं पडून राहायला शिकायचंय.”

म्हणून या वेळी तुम्हालाच विचारते. तुमच्या गावात अजून स्वच्छ पाण्याची, पायऱ्यांची विहीर असेल, उन्हाळ्यात तिथे कुणी जाणतं माणूस मुलांना पोहायला शिकवत असेल, आणि मुलींनाही घेत असेल, तर मला पत्र लिहा. पाणी एप्रिल-मेपर्यंत टिकतं का, शिकवणारे एका वेळी किती मुलं घेतात, भोपळा बांधतात की डबा, जवळ राहायची सोय आहे का, तेही कळवा. भाचीची शाळा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात संपते. वहिनीलाही रजा मिळते आहे.