डीपीपासून ग्राफिक्स कार्डापर्यंत

सुटे भाग जमवून घरीच गेमिंगचा संगणक बांधण्याविषयी जो सल्ला सर्वत्र दिला जातो, त्याची सुरुवात बहुधा ग्राफिक्स कार्डापासून होते आणि हात आखडता घेण्याची वेळ आली की कात्री वीजपुरवठ्याच्या भागाला लागते. ज्या शहरात विजेचा दाब बऱ्यापैकी स्थिर असतो आणि बिघडलेला भाग त्याच संध्याकाळी दुकानात नेऊन देता येतो, तेथे हा क्रम चालून जातो; परंतु जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, गोदावरीकाठी आणि सोलापूर–धुळे महामार्गावर वसलेल्या शहागडसारख्या गावात तो उलटाच धरणे शहाणपणाचे ठरते. येथे पहिला प्रश्न भिंतीतल्या सॉकेटचा, दुसरा उन्हाळ्याचा आणि तिसरा खेळाचा असतो.

एसएमपीएस, म्हणजे घरातील प्रत्यावर्ती विजेचे संगणकाला लागणाऱ्या १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या दिष्ट विजेत रूपांतर करणारा डबा, हा नवख्या ग्राहकाला सर्वांत नीरस वाटणारा भाग होय, कारण त्याने खेळाचा वेग तसूभरही वाढत नाही. घरगुती वीज कागदोपत्री २३० व्होल्टची असली, तरी एकाच डीपीवर, म्हणजे विजेच्या रोहित्रावर, घरे आणि शेतातल्या मोटारी दोन्ही असतील, तर मोटारी सुरू झाल्या की दाब उतरतो आणि एकदम बंद झाल्या की चढतो. म्हणून एसएमपीएसच्या बाजूला चिकटवलेले लेबल वाचणे आवश्यक असते: काही डबे १०० ते २४० व्होल्टपर्यंतचा दाब स्वीकारतात, तर काही, त्यांत नामांकित कंपन्यांचे स्वस्त नमुनेही आले, केवळ २०० ते २४० व्होल्टसाठी बनवलेले असतात, आणि दाब त्याखाली गेला की ऐन खेळात संगणक बंद पडू शकतो. त्याच लेबलवर १२ व्होल्टच्या पुरवठ्यापुढे किती अँपिअर लिहिले आहेत हेही पाहावे, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांचा जवळजवळ सारा भार याच पुरवठ्यावर असतो. खोक्यावर ठळक अक्षरांत ४५० वॅट आणि लेबलवर मात्र १८ अँपिअर असा प्रकार स्वस्त मालात आढळतो. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट, हा हिशेब दुकानदार सांगत नाही. ‘८० प्लस’ ही खूण त्या मानाने उपयोगी आहे, पण ती कार्यक्षमतेची खूण आहे, टिकाऊपणाची हमी नव्हे.

याच संदर्भात अर्थिंगचा उल्लेख करावा लागतो. घरात नीट अर्थिंग नसेल, तर एसएमपीएसमधील गाळणी परिपथामुळे पत्र्याच्या कॅबिनेटवर थोडी वीज उतरते आणि हात लावताच झिणझिण्या येतात; पुष्कळ घरांत ही गोष्ट नेहमीचीच म्हणून सोडून दिली जाते, वास्तविक तो आधी अर्थिंग दुरुस्त करून घेण्याचा इशारा असतो. यूपीएस घेताना त्यावरील व्हीए हा आकडा वॅटपेक्षा मोठा असतो हे लक्षात ठेवावे: बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. तेवढ्या भारावर तो काही मिनिटेच टिकतो. खेळ जतन करून संगणक रीतसर बंद करणे, इतकेच त्याचे काम समजावे.

मराठवाड्याचा मे महिना हा दुसरा घटक होय. पंखा कितीही मोठा असला, तरी तो भागांना खोलीच्या तापमानापेक्षा थंड करू शकत नाही. पत्र्याच्या खोलीत हवाच ४२ अंशांची असेल, तर प्रोसेसरची सुरुवात तेथून होते, आणि ठरावीक मर्यादा गाठली की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. म्हणून समोर काच असलेल्या दिखाऊ कॅबिनेटपेक्षा समोर जाळी आणि धुऊन बसवता येईल असा धूळगाळा असलेले कॅबिनेट श्रेष्ठ मानावे, कारण महामार्गालगतच्या गावात धुळीला तोटा नसतो. पाण्याच्या कूलरचा ओला झोत मात्र संगणकावर थेट सोडू नये.

यानंतर खऱ्या निवडीचा भाग येतो आणि तो वाटतो त्यापेक्षा सोपा आहे. मॉनिटर १९२० बाय १०८० बिंदूंचा आणि सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा असेल, तर त्याहून अधिक चित्रे निर्माण करणाऱ्या महागड्या कार्डाचा बराचसा पैसा वाया जातो. एएमडीचा सहा गाभ्यांचा रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा चार गाभ्यांचा कोअर आय३ १२१००एफ यांपैकी एक प्रोसेसर आणि त्याच्या जोडीला २०२१ साली आलेल्या रेडिऑन आरएक्स ६६००च्या तोलाचे, ८ जीबी स्मृतीचे कार्ड एवढ्या मॉनिटरला पुरेसे आहे. या कार्डाला १३२ वॅट लागत असल्याने चांगला ५५० वॅटचा एसएमपीएस त्याला निवांत पुरतो. इंटेलच्या नावापुढील ‘एफ’ हे अक्षर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसल्याचे दर्शवते, म्हणजे कार्डाशिवाय पडद्यावर काहीच उमटत नाही. पैसे अर्धेच असतील, तर अंगभूत ग्राफिक्सचा रायझन ५ ५६००जी घेऊन कार्ड नंतरवर टाकता येते. व्हॅलोरंटसारखे हलके खेळ त्यावर चालतात, मात्र त्याची कॅश, म्हणजे प्रोसेसरमधील अतिजलद स्मृती, ५६००च्या निम्मी असल्याने पुढे कार्ड बसवल्यावर तो थोडा मागे पडतो. रॅम एकाच १६ जीबीच्या पट्टीऐवजी ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्यावी, कारण प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी व्यवहार करतो. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले, त्यामुळे जुन्या याद्यांतील रकमा आज जुळत नाहीत.

बाजारातल्या तयार भागांची जुळणी म्हणजे दुय्यम काम, असा एक समज आहे, पण तो बरोबर नाही. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये उभारलेला परम ८००० हा महासंगणकदेखील इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या तयार ट्रान्सप्युटर चिप शेकड्यांनी जोडता येतील अशा रचनेचा होता. अवघड होते ते त्यांना एकत्र काम करायला लावणे.

खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून करावी की घरपोच मागवावी, हा निर्णय भावावर नव्हे तर वॉरंटीवर घ्यावा. दोन-तीनशे रुपयांची बचत एका कुरिअरच्या फेरीत संपते. छत्रपती संभाजीनगर, जालना किंवा बीड येथे ज्या कंपनीचा भाग बदलून मिळतो, तिचा थोडा महाग माल शहागडकराला अंती स्वस्त पडतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने खाणकाम बंद केल्यावर त्यासाठी वापरलेली ग्राफिक्स कार्डे बाजारात मोठ्या प्रमाणावर आली. अशी कार्डे सरसकट वाईट नसतात, पण पंखे झिजलेले असू शकतात, म्हणून तासभर चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नव्या भागांची जीएसटीसह पक्की बिले आणि खोकी वॉरंटी संपेपर्यंत ठेवावीत. इंटेलच्या मदरबोर्डवर प्रोसेसरच्या जागी नाजूक पिना असतात व त्यांवर प्लास्टिकचे झाकण येते. प्रोसेसर बसवताना निघालेले हे झाकण फेकून न देता खोक्यातच ठेवावे, कारण बोर्ड परत पाठवताना ते लावलेले नसेल आणि वाटेत एखादी पीन वाकली, तर दावा नाकारला जाऊ शकतो.