प्रौढांचा शिक्षक घडवायचा कुठे?

वेल्डिंग शिकवायचे तर नुसते वेल्डिंग येऊन भागत नाही. आयटीआयमध्ये शिल्प निदेशक व्हायला निघालेल्या माणसासाठी ‘सीआयटीएस’ हा एक वर्षाचा वेगळा अभ्यासक्रम आहे. मुंबईत चुनाभट्टीला राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत अशी मंडळी शिकतात. कामावर त्यांचा हात आधीच बसलेला असतो. तरीही पाठाचे टाचण कसे काढायचे, प्रात्यक्षिक कुठल्या टप्प्यावर थांबवायचे, शिकणाऱ्याचे काम नेमके कुठे बिघडते आहे हे कसे ओळखायचे, यासाठी त्यांना वर्ष द्यावे लागते. हे योग्यच आहे. काम येणे आणि काम शिकवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे शासनाने मान्य केले आहे.

पन्नाशीतल्या बाईला लिहा-वाचायला शिकवायचे असेल, तर मात्र असे काहीच लागत नाही. केंद्राच्या साक्षरता कार्यक्रमाच्या ‘उल्लास’ अ‍ॅपवर नाव नोंदवले की माणूस स्वयंसेवक होतो, त्याची असाक्षर व्यक्तीशी जोडणी होते आणि वर्ग सुरू झाला असे धरले जाते. स्वयंसेवक शेजारची कॉलेजकन्यका असेल, निवृत्त कारकून असेल, नाहीतर आठवीतला नातू असेल. मानधन नाही. थोडे ऑनलाइन साहित्य आणि झालेच तर एखादे छोटेसे प्रशिक्षण, एवढीच त्यांची शिदोरी.

हा नव भारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आखला गेला. १५ वर्षांवरील पाच कोटी असाक्षरांना साक्षर करायचे आणि त्यासाठी १,०३७.९० कोटी रुपये खर्चायचे, असा त्याचा आराखडा. भागाकार केला तर माणशी दोनशे सात-आठ रुपये पडतात. यात शिकवणाऱ्याच्या प्रशिक्षणाला कितीसे येणार? महाराष्ट्रात १७ मार्च २०२४ रोजी नवसाक्षरांची पहिली मोठी चाचणी झाली. वाचन, लेखन आणि संख्याज्ञानाला प्रत्येकी ५० गुण होते. नातवाचा हात धरून परीक्षेला आलेल्या आज्यांचे फोटो छापून आले आणि ते छापलेच पाहिजेत. पण शिकणाऱ्याची अशी रीतसर परीक्षा घेणाऱ्या व्यवस्थेने शिकवणाऱ्याची तयारी कधी तपासलेली नाही.

प्रौढांना शिकवण्यात वेगळे ते काय, असे विचारणाऱ्यांनी एखाद्या गावातल्या समाजमंदिरात तासभर बसून पाहावे. बचत गटाचा हिशेब तोंडी चोख सांगणारी बाई असते. कुणाचा हप्ता थकला, व्याज किती झाले, सगळे तिच्या डोक्यात असते. तिला ‘तीनशे पंच्याहत्तर’ लिहायला सांगितले की ती पाटीवर ३००७५ लिहिते. कच्चा स्वयंसेवक ते पुसतो, बरोबर उत्तर स्वतः लिहून देतो आणि दहा वेळा गिरवायला लावतो. जाणता शिक्षक थांबतो. बाईंनी जसे ऐकले तसे लिहिले आहे, आधी तीनशे, मग पंच्याहत्तर, हे त्याच्या लक्षात येते. तो शंभराच्या तीन नोटा, दहाच्या सात आणि पाचाचे एक नाणे समोर मांडतो आणि प्रत्येकाखाली एकेक आकडा लिहायला सांगतो. व्यवहारात तिला आधीपासून येणारे गणित असे कागदावर उतरते. ही युक्ती कुणाला आपोआप सुचत नाही, ती शिकावी लागते.

गणितापलीकडेही पुष्कळ आहे. चाळिशी लागलेल्या डोळ्यांना पुस्तकातला बारीक ठसा दिसत नाही आणि बाई ‘मला काय जमायचं नाही’ म्हणून उठून जाते. अडचण बुद्धीची नसून चष्म्याची आहे, हे कुणीतरी ओळखावे लागते. भाताची लावणी आली की वर्ग महिनाभर ओस पडतो. ऊसतोडीला गेलेले कुटुंब चार-पाच महिने परतत नाही. परतलेल्या माणसाला अपमान न वाटता पुन्हा कुठून सुरू करायचे? तेरा वर्षांच्या पोराने आजीला ‘किती वेळा सांगायचं?’ म्हटले की काय तुटते, हे त्या पोराला कुणी सांगितलेले असते का? बीएडमध्येही याची उत्तरे फारशी मिळत नाहीत, कारण बीएडचा सगळा रोख मुलांवर आहे.

ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरी यांनी १९६३ साली अँजिकोस या गावी सुमारे ३०० मजुरांना ४० तासांच्या अभ्यासक्रमात वाचायला शिकवले, हे जगभर सांगितले जाते. त्यामागची तयारी मात्र क्वचितच सांगितली जाते. शिकवणाऱ्यांनी आधी लोकांत बसून त्यांचे रोजचे शब्द टिपले होते, त्यातले मोजके निवडले होते आणि चर्चा कशी चालवायची याचे धडे घेतले होते. ते ४० तास या तयारीवर उभे होते.

आपल्याकडेही ही जाण नव्हती असे नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. त्याआधी सावित्रीबाईंनी अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेतलेले होते. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा केंद्र चालवणाऱ्याला महिना ५० रुपये मानधन होते. रक्कम तुटपुंजी होती, पण हे काम आहे आणि कामाला मोल असते, एवढे त्यात गृहीत होते. पुढे साक्षरता मोहिमांमध्ये तीन पुस्तिकांचा, सुमारे २०० तासांचा क्रम ठरला आणि स्वयंसेवकांना शिकवायला प्रशिक्षकांची उतरंड उभी राहिली. मोहिमेचा जोर ओसरला, तशी ती माणसेही पांगली.

असाच अनुभव रात्रशाळांमध्ये वाया गेला. दिवसभर हॉटेलात, वर्कशॉपमध्ये राबून आलेल्या पोरांना रात्री शिकवणे ही वेगळीच कला. वर्षानुवर्षे दिवसा एका शाळेत आणि रात्री दुसऱ्या शाळेत शिकवणाऱ्या ‘दुबार’ शिक्षकांना ती सवयीने साधली होती. २०१७ साली शासनाने दुबार नोकरीच बंद केली आणि दिवसशाळांतल्या अतिरिक्त शिक्षकांना तिथे सामावून घेण्याचे ठरले. एका माणसाने दोन पगारी नोकऱ्या कराव्यात का, हा वाद समजण्यासारखा आहे. दमून आलेल्या विद्यार्थ्याला जागे ठेवून शिकवण्याचे कसब मात्र त्या हिशेबात कुठेच धरले गेले नाही.

उलट बाजूचे उदाहरण ठाणे जिल्ह्यात आहे. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी हा तिथला गणवेश. शाळा दुपारी भरते, कारण तोवर घरची कामे आटोपलेली असतात. शिकवायला गावातलीच सून पुढे आली आणि तिच्या वर्गात तिच्या सासूबाईही बसल्या. या शाळेचे कौतुक झाले ते गणवेशामुळे, पण ती चालली ती वेळ आणि शिकवणारी माणसे नीट निवडल्यामुळे. आणि पाठीशी एक प्रशिक्षित शिक्षक होता.

प्रशिक्षणाची सक्ती केली की सेवाभावाने येणारे लोक दूर जातील, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. इंग्लंडने २००७ साली महाविद्यालयीन आणि प्रौढ शिक्षणातल्या शिक्षकांना पात्रता सक्तीची केली आणि २०१३ साली ती सक्ती मागेही घेतली. पण त्यांनी अभ्यासक्रम बंद केले नाहीत. ज्याला शिकायचे त्याला वाट राहिली. आपल्याकडे ती वाटच जवळपास नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या एकविसाव्या प्रकरणात प्रौढांसाठी प्रशिक्षित निदेशक असावेत, त्यांनी प्रौढशिक्षण केंद्रे चालवावीत आणि स्वयंसेवकांशी समन्वय ठेवावा, असे स्पष्ट म्हटले आहे. धोरणाने दोघे मागितले होते. योजनेत ठळकपणे उतरला तो स्वयंसेवक, कारण तो फुकट होता. मग सर्वेक्षणापासून सगळा भार पुन्हा प्राथमिक शिक्षकांवर आला आणि २०२३ साली त्यांच्या संघटनांनी त्यावर बहिष्कार टाकला, तेव्हा नवल वाटायचे कारण नव्हते.

स्वयंसेवक हवेतच. पण दर आठ-दहा वर्गांमागे एक तरी पगारी, प्रशिक्षित निदेशक असायला हवा. बचत गट चालवणाऱ्या, आशा म्हणून काम केलेल्या, बारावी झालेल्या कितीतरी बाया गावोगाव या कामाला तयार होतील. त्यांच्यासाठी डाएटमध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, आधी दहा-पंधरा दिवसांचे प्रशिक्षण ठेवावे, मग दोन महिने प्रत्यक्ष वर्ग घेऊ द्यावा आणि वर्गातल्या अडचणी घेऊन पुन्हा परत बोलवावे. मुक्त विद्यापीठाला हे प्रमाणपत्र देणे अवघड नाही. सध्याच्या योजनेची मुदत २०२७ मध्ये संपते. पुढच्या योजनेचा आराखडा होईल तेव्हा शिकणाऱ्यांच्या उद्दिष्टाशेजारी निदेशकांची संख्या, त्यांचे प्रशिक्षण आणि त्यांचे मानधन यांचे आकडेही असले पाहिजेत, आणि राज्याने त्यासाठी केंद्राची वाट न पाहता आपल्या अर्थसंकल्पात तरतूद करावी.