बॅच क्रमांक कुणासाठी?

धनत्रयोदशीला आपण धन्वंतरीपुढे धणे-गूळ ठेवतो आणि घरादारासाठी आरोग्य मागतो. त्या आरोग्याची एक बाजू निविदा, दरकरार आणि साठा नोंदवही अशा रुक्ष कागदांत असते. सरकारी रुग्णालयांच्या औषधखरेदीवर दिवाळी अंकात लिहायलाच हवं, असं आम्हाला वाटतं.

१९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूवरचा आणि डोळ्यांवरचा दाब उतरवण्यासाठी रुग्णांना ग्लिसरॉल दिलं गेलं. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन होतं. मूत्रपिंडं निकामी होऊन १४ माणसं दगावली. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाची चौकशी वॉर्डातून निघाली ती खरेदीच्या फायलींपर्यंत, अन्न व औषध प्रशासनापर्यंत आणि थेट मंत्रालयापर्यंत पोचली. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध योग्यच होतं, पण बाटलीत भलतंच होतं. चुकीची खरेदी माणूस मारते, हे महाराष्ट्राला इतक्या लवकर आणि इतक्या स्पष्टपणे कळलं होतं.

धडा मात्र गिरवला तामिळनाडूने. १९९४ साली तिथे वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन झालं. प्रत्येक रुग्णालयाला पासबुक मिळालं. वर्षाची रक्कम किती आणि त्यातून कोणतं औषध किती उचललं, हे त्यात दिसतं. गोदामांतला साठा संगणकावर आला. मालाचे नमुने कंपनीचं नाव झाकून, सांकेतिक क्रमांकाने प्रयोगशाळांकडे जाऊ लागले. यातलं काहीच महाराष्ट्राच्या आवाक्याबाहेरचं नव्हतं.

आपण २०१७ मध्ये खरेदी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे सोपवली. ती रखडत राहिली, तेव्हा २०२३ मध्ये कायदा करून वेगळं प्राधिकरण नेमलं. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत नवजात बाळंही होती. औषधांचा तुटवडा होता, असं काही जण म्हणाले. सरकारने ते नाकारलं. लेकरं गमावलेल्या आईबापांसमोर हा वाद चालावा, हे आम्हाला आजही असह्य वाटतं. त्या दिवशी कोणतं औषध किती शिल्लक होतं, हे रोजच्या रोज जाहीर होत असतं, तर वादाला जागाच उरली नसती.

उघड्या नोंदींचा फायदा रुग्णापुरता नाही. मागणीपत्रं वेळेवर पाठवूनही खिडकीवर नातेवाइकांचे शिव्याशाप झेलणाऱ्या औषधनिर्माण अधिकाऱ्यालाही त्या वाचवतात. आज ‘बाहेरून आणा’ म्हणताना मान खाली त्याची जाते, आणि निविदेची फाईल अडवून धरणारा कुठेच दिसत नाही.

माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने सरकारी कार्यालयांवर आपल्या कामाची माहिती आपणहून जाहीर करण्याचं बंधन २००५ पासून घातलं आहे. खरेदी प्राधिकरणाने सुरुवात तपासणी अहवालांपासून करावी. औषधाचं नाव, बॅच क्रमांक, पुरवठादार, खरेदीचा दर आणि प्रयोगशाळेचा निकाल, एवढं मराठीत संकेतस्थळावर टाकावं आणि प्रत्येक रुग्णालयाच्या औषध खिडकीवर लावावं. नापास झालेल्या बॅचेस आधी.