गाडी कधी तापते, ते आधी पाहा

एप्रिल-मे महिन्यांत खोपोलीहून बोरघाट चढताना किंवा नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्याकडे जाताना जुनी गाडी हमखास तापते. दोष उन्हाला देऊन आपण मोकळे होतो. वाचकहो, आमचे सांगणे एवढेच की, गाडी कधी तापते यावरून तिचा रोग ओळखावा.

कर्जतच्या बाजारात गर्दीत उभी असताना काटा चढतो आणि गाडी पळू लागली की उतरतो, तर पंखा तपासावा. मारुती ८०० चा पंखा विजेवर चालतो. तिथे फ्यूज आणि स्विच पाहा. अ‍ॅम्बॅसिडर, पद्मिनीला फॅन बेल्ट सैल झाला आहे का ते पाहा.

घाटातच काटा चढत असेल, तर रेडिएटर गाळाने तुंबला असावा किंवा थर्मोस्टॅट अडकला असावा. पाणी रोज कमी होते, खाली मात्र थेंब नाही, आणि इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो? मग हेड गॅस्केट गेले असण्याचा संभव आहे. अशी गाडी घाटात नेऊच नये.

मेकॅनिकला हे सारे नीट सांगितले, तर नको ते सामान बदलण्याचा खर्च वाचतो.

आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. आतले पाणी दाबाखाली असते, ते उकळतेच तोंडावर उडते. इंजिन बंद करून किमान अर्धा तास थांबा. घरी पोहोचायला उशीर झाला तरी चालेल.