शिकवणी पूर्ण हंगामाची हवी

शहरी शेतीची रविवारची कार्यशाळा एव्हाना सगळ्यांच्या परिचयाची झाली आहे. सकाळी कुंडी भरायची, दुपारी खताची माहिती ऐकायची, संध्याकाळी रोप आणि प्रमाणपत्र घेऊन घरी जायचे. पुढे त्या रोपावर मावा किंवा पिठ्या ढेकूण आला, की नवशिक्याला विचारायला कोणी नसते. कुंडी रिकामी होते आणि उत्साहही ओसरतो.

तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाची गच्ची वेगळे काही सांगते. प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास तिथे स्वयंपाकघरातला ओला कचरा जिरवण्यासाठी बाग सुरू केली. उपाहारगृहातलेच कर्मचारी रोजचे काम सांभाळून ती करता करता शिकले.

गच्चीवरच्या शेतकऱ्याला आधी माती घडवावी लागते आणि तिला वेळ लागतो. श्रीपाद दाभोळकरांच्या विचारातून पुढे आलेल्या अमृतमातीचेच पाहा. शेण, गोमूत्र आणि गूळ यांचे अमृतजल मुरायला तीन दिवस. त्यात पालापाचोळा चोवीस तास भिजवायचा, थोड्या मातीसोबत त्याचा ढीग रचायचा आणि त्यावर मिश्र बियाणे पेरायचे. मग २१, ४२ आणि ६३ दिवसांनी कापणी करून तो हिरवा पाला पुन्हा ढिगातच मिसळायचा. हे सारे एका दिवसात तोंडी सांगता येईल. हाताला त्याची सवय लागणार नाही.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. वापरातल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला साधारण १५० किलो असतो. फूटभर जाडीची साधी ओली माती तेवढ्याच जागेत ५०० किलोच्या आसपास भरते. म्हणून पालापाचोळ्याचे हलके मिश्रण, तुळयांच्या रेषेत वाफे, अभियंत्याचा सल्ला आणि पाण्याचा निचरा हे विषय पहिल्याच पाठात यायला हवेत. बियाण्यांची पाकिटे नंतर उघडली तरी चालतील.

तिसरा मुद्दा नोंदींचा. अमृतमातीमागचा विचार देणारे दाभोळकर गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवत. त्यांच्या प्रयोग परिवारात शेतकरी स्वतः प्रयोग करत आणि आपले निष्कर्ष एकमेकांना कळवत. तासगाव भागातल्या द्राक्षबागायतदारांनी या पद्धतीने शिकून दाखवले. शहरातल्या चार वाफ्यांनाही तीच शिस्त लागू पडते: पेरणीची तारीख, पाणी, कीड आणि तोडणीचे वजन वहीत उतरवायचे आणि ती वही गटापुढे मांडायची.

प्रशिक्षकांना या अंकातून आग्रहाची विनंती आहे. यंदा प्रवेश कमी द्या, पण प्रत्येक गट ढीग रचण्यापासून पहिल्या तोडणीपर्यंत सांभाळा. प्रमाणपत्र तोडणीनंतरच द्या.