चढण न चढता दिसणारा डोंगर आणि आपला धंदा

व्यापाऱ्याला आणि कारागिराला सुट्टी नसते, ही तक्रार आपल्याकडे नेहमीच ऐकू येते. दुकान एक दिवस बंद राहिले तर गिऱ्हाईक शेजारी वळते, माग थांबला तर मजुरी बुडते. त्यातून वर्षाकाठी एखादा दिवस मोकळा मिळालाच, तर घरात गुडघेदुखीची आई, दम लागणारे वडील आणि कडेवरचे मूल असते. अशा कुटुंबाला 'किल्ल्यावर चला, डोंगर चढा' असे सांगण्यात काय अर्थ? म्हणून बहुतेक घरांत सहल म्हणजे नात्यातल्या लग्नाला जाऊन येणे, एवढेच उरले आहे.

वास्तविक महाराष्ट्रात पायाला त्रास न देता दरीच्या काठापर्यंत पोहोचता येईल अशा जागा पुष्कळ आहेत. महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट हे तिथले सर्वात उंच ठिकाण. सूर्योदय पाहण्यासाठी तिथपर्यंत गाडी जाते. सूर्यास्तासाठी मुंबई पॉइंट आहे. पाचगणीचा पारसी पॉइंट तर रस्त्यालगतच आहे. तिथे उभे राहिले की कृष्णेचे खोरे आणि धोम धरणाचे पाणी समोर पसरलेले दिसते. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर खंडाळ्याजवळचा राजमाची पॉइंटही असाच वाटेवरचा आहे.

काही हौशी मंडळी म्हणतात की घाम गाळून वर गेल्याशिवाय दृश्याचा खरा आनंद मिळत नाही. तरुणांसाठी ते ठीक आहे. परंतु ज्याने चाळीस वर्षे शिलाई यंत्रावर किंवा मागावर घाम गाळला, त्याने दरी पाहण्यासाठी पुन्हा घाम गाळावा, हा आग्रह कशासाठी? सोप्या वाटेने दिसलेली दरी काही उथळ होत नाही.

या विषयाची एक बाजू सहलीला जाणाऱ्यांची आहे, तशी दुसरी बाजू धंद्याची आहे. दोन्ही नीट समजून घ्यायच्या असतील तर माथेरानकडे पाहावे.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली या डोंगराकडे इंग्रजांचे लक्ष वेधले. पुढची कित्येक वर्षे वर जाण्याचे साधन म्हणजे स्वतःचे पाय, घोडा किंवा दुसऱ्याच्या खांद्यावरची पालखी. ज्याला यांपैकी काही जमत नव्हते, त्याला माथेरान बंदच होते. ही अडचण दूर केली ती मुंबईच्या एका बोहरी मुस्लिम व्यापारी घराण्याने. लष्कराला तंबू आणि चामड्याचा माल पुरवून नावारूपाला आलेले सर आदमजी पीरभॉय यांच्या भांडवलावर त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये नेरळपासून रुळांचे काम सुरू केले. १९०७ साली गाडी धावू लागली. खर्च त्या काळचे सुमारे सोळा लाख रुपये. दोन फूट रुंदीचा रूळ, सुमारे २१ किलोमीटरचा वळणावळणाचा मार्ग आणि साडेसातशे मीटरच्या आसपास चढ. डोंगर फोडून सरळ वर जाण्याऐवजी डोंगराच्या कलाने वळसे घेत जायचे, हे या मार्गाचे तंत्र आहे.

हा इतिहास केवळ अभिमानाने सांगण्यासाठी नाही. त्यात व्यापाराचा धडा आहे. पीरभॉय यांनी डोंगर विकला नाही, दृश्यही विकले नाही. ती कोणाच्या मालकीची वस्तूच नव्हे. त्यांनी म्हाताऱ्या, अशक्त आणि लेकुरवाळ्या माणसाला वर नेण्याची सोय उभी केली. वर माणसे येऊ लागली तशी हॉटेले, दुकाने आणि चप्पल-चिक्कीचा बाजार यांना गिऱ्हाईक वाढले. एका सोयीवर शेकडो चुली पेटतात, त्या अशा.

हा मार्ग आज केवळ आठवणीत उरलेला नाही. २००५ च्या अतिवृष्टीत आणि पुन्हा २०१९ च्या पावसात रूळ वाहून गेले. नेरळहून थेट गाडी ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. पावसाळ्यात नेरळहून निघणारी गाडी बंद ठेवतात, पण अमन लॉज ते माथेरान ही छोटी फेरी सहसा चालू असते. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. अमन लॉज स्थानक तिथून जवळच आहे. म्हणजे मोटारीने दस्तुरीपर्यंत आणि तिथून छोट्या गाडीने बाजारपेठेपर्यंत, असा वयस्कर माणसालाही झेपेल असा मार्ग उपलब्ध आहे. बाजारपेठेपासून खंडाळा पॉइंट अगदी जवळ आहे. शार्लट तलाव, एको पॉइंट आणि लुईझा पॉइंट एकाच बाजूला असल्यामुळे सावलीतून रमतगमत किंवा घोड्यावरून पाहता येतात. सगळे पॉइंट एका दिवसात पाहण्याचा हट्ट मात्र धरू नये. दोन पॉइंट नीट पाहावेत आणि काठावर तासभर बसावे. मालेगावसारख्या गावात यंत्रमागाची सुट्टी जुम्याला असते. अशा ठिकाणच्या मंडळींना तर शनिवार-रविवारची झुंबड टाळून निवांत जाता येईल.

आता धंद्याची बाजू पाहू. माथेरानमध्ये मोटारीला बंदी आहे आणि २००३ पासून हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे. 'गाडी काठापर्यंत गेली असती तर गिऱ्हाईक दुप्पट झाले असते,' असे काही व्यापाऱ्यांना वाटते. हा हिशेब कच्चा आहे. ज्या पॉइंटवर मोटार थेट काठाशी उभी राहते, तिथे माणूस उतरतो, फोटो काढतो आणि दहा मिनिटांत पुढच्या पॉइंटकडे निघतो. त्याच्या हातून फार तर चहाचा एक कप विकला जातो. माथेरानचा पाहुणा सावकाश चालतो, दुकानासमोर थांबतो, चप्पल पायात घालून पाहतो, चिक्कीचा तुकडा चाखतो. तेव्हा जागा सोपी करायची म्हणजे मोटार काठावर नेऊन उभी करायची असे नव्हे. शेवटचे दोन-तीन किलोमीटर सुखाचे करणे, ही खरी सोय. आणि तीच अनेक हातांना काम देते.

ही सोय जर माणसाच्या पाठीवर उभी असेल तर ती टिकत नाही, हेही लक्षात घ्यावे. माथेरानमध्ये वर्षानुवर्षे माणूस माणसाला हातरिक्षात बसवून ओढत आला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करून रिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देण्याचा आदेश दिला. आजाऱ्याला आणि वृद्धाला वाहन हवे, पण ते ओढणाऱ्याचा ऊर फुटता कामा नये. नव्या साधनाचा फायदा ज्यांनी आयुष्यभर रिक्षा ओढली त्यांच्याच पदरात पडतो की नाही, याकडे स्थानिक व्यापाऱ्यांनीही लक्ष ठेवले पाहिजे.

याहून गंभीर प्रश्न विश्वासाचा आहे. मार्च २०२५ मध्ये माथेरानमधील रहिवासी आणि व्यावसायिकांनी बेमुदत बंद पुकारला होता. दस्तुरी नाक्यावर पर्यटकांना चुकीची माहिती देऊन त्यांची फसवणूक होते, ही त्यांची तक्रार होती. आपल्याच गिऱ्हाईकाच्या रक्षणासाठी आपलेच दुकान बंद ठेवण्याची वेळ बाजारावर यावी, ही सर्वच पर्यटनस्थळांच्या व्यापाऱ्यांनी विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

फसवणुकीचा पहिला बळी कोण ठरतो? पाठीवर पिशवी घेऊन चालत जाणारा तरुण नव्हे. तो 'नको' म्हणून पुढे निघतो. ज्याला चालवत नाही तोच अडतो. सोबत म्हातारी आई असलेला माणूस सांगेल तो दर देतो, कारण त्याला दुसरा इलाज नसतो. म्हणजे ज्याच्या गरजेवर हा सारा बाजार उभा आहे, त्याचीच गरज पाहून भाव वाढवला जातो. असा पैसा त्या दिवशी गल्ल्यात येतो खरा, पण ते कुटुंब पुन्हा येत नाही आणि दहा घरांना येऊ नका म्हणून सांगते. डोंगराच्या बाजारात जाहिरात तोंडोतोंडीच होते, चांगलीही आणि वाईटही.

म्हणून पॉइंटवर किंवा पॉइंटच्या वाटेवर धंदा करणाऱ्या आपल्या बांधवांनी, मग ते घोडेवाले असोत, चप्पल शिवणारे असोत की शेंगदाणे-मक्याचे कणीस विकणारे असोत, काही गोष्टी आपसात ठरवून घ्याव्यात. दरफलक ठळक मराठीत आणि हिंदीत लावावा आणि त्याबाहेर एक रुपया घेऊ नये. कोणत्या पॉइंटला किती चालावे लागते, वाटेत पायऱ्या आहेत का, हे खरे सांगावे. दुकानापुढे वयस्कर माणसाला टेकण्यासाठी एक बाक ठेवावा. बसलेल्या माणसाने काही विकत घेतलेच पाहिजे, अशी अट मनातही आणू नये. कणसाची पाने आणि प्लास्टिकच्या पिशव्या दरीत जाऊ देऊ नयेत, कारण दरी हेच सर्वांचे सामाईक भांडवल आहे. आणि चप्पल एका पावसात उसवणारी नसावी. ती पायात असेपर्यंत त्या गावाचे नाव रोज निघते, याचा कारागिराने विसर पडू देऊ नये.

यासाठी सरकारी योजना लागत नाही, की मोठे भांडवलही लागत नाही. वीस-पंचवीस दुकानदार एकत्र बसले तर एका संध्याकाळी हे ठरू शकते. पीरभॉय पितापुत्रांना सोळा लाख रुपये आणि तीन वर्षे लागली. त्यांनी म्हाताऱ्या माणसाला वर आणून सोडले आहे. आता वर त्याच्याशी कसे वागायचे, एवढेच आपल्या हातात उरले आहे.